पाणकणिसाखालची जमीन कोण दाखवणार: लेझर, फोटो की पाणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठी एका गावाची साधारण ३० एकरांची पाणथळ आहे. पावसाळ्यात नदीचं पाणी आत शिरतं, मग ते हळूहळू उतरत जातं आणि मे महिन्यात मधल्या डोहात तेवढं शिल्लक राहतं. हिवाळ्यात बदकं उतरतात. पाणी कुठून येतं, कुठवर साठतं, कुठून निघून जातं हे कळावं म्हणून ग्रामपंचायतीला या जागेचा उंचसखल दाखवणारा नकाशा हवा आहे. गावातल्या एका मुलाकडे कॅमेऱ्याचा ड्रोन आहे. दुसरे एक जण म्हणतात की लेझर स्कॅनरशिवाय असल्या जागेचा नकाशा होतच नाही. तर काय वापरावं, कधी उडवावं आणि अचूकता किती मिळेल?

मी कोल्हापूर जिल्ह्यात पंचवीस वर्षं सर्व्हेचं काम करतोय. डम्पी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (खुणांची उभी पट्टी) घेऊन सुरुवात केली, आता लेझर आणि ड्रोन दोन्ही वापरतो. उत्तर आधीच सांगतो: लेझरही कामाचा आहे, फोटोही कामाचे आहेत, पण पाणकणिसाच्या (पाणथळीत वाढणाऱ्या उंच, लांब पानांच्या वनस्पतीच्या) दाट बेटाखालची जमीन दोघांनाही नीट दिसत नाही. ती दिसते तुमच्या पायांना आणि उतरत्या पाण्याला. तुमच्या गावासाठी लेझर भाड्यानं आणण्याआधी मी दुसरा एक मार्ग सुचवणार आहे. तो का, हे समजायला लेझर नक्की कुठं फसतो ते आधी पाहावं लागेल.

ड्रोनवरचा लेझर स्कॅनर सेकंदाला लाखो पल्स, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक झोत, सोडतो आणि प्रत्येक पल्स जाऊन परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. झाडांच्या बाबतीत याचा मोठा फायदा असतो. एकाच पल्सचा थोडा भाग शेंड्यावरून परत येतो, थोडा मधल्या फांदीवरून, थोडा जमिनीवरून. आंब्याच्या बागेखालची जमीन लेझर उत्तम काढतो, हे मी स्वतः अनेकदा तपासलंय. म्हणून लोकांना वाटतं, आंब्याखालची निघते तर गवताखालची का नाही निघणार?

याचं कारण पल्सच्या लांबीत आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. पल्स ४ नॅनोसेकंदांची धरली तर हवेत तिची लांबी झाली १२० सेंटिमीटर. प्रकाशाला जाऊन परत यायचं असतं, त्यामुळं दोन पृष्ठभागांमध्ये निदान ६० सेंटिमीटर अंतर असेल तरच त्यांचे परतावे एकमेकांपासून सुटे होतात. आंब्याचा शेंडा आणि जमीन यांत कित्येक मीटर असतात, तिथं काही अडचण येत नाही. पण लव्हाळा गुडघाभर असतो. पाणकणीस पुरुषभर उंच असलं तरी त्याच्या बुडाशी मागच्या वर्षीची वाळलेली, मोडून पडलेली पानं फूट-दीड फूट जाडीनं बसलेली असतात. त्या थराचा परतावा आणि चिखलाचा परतावा एकमेकांत मिसळून एकच ठिपका तयार होतो, आणि तो ठिपका चिखलाच्या वर, अधांतरी बसतो. त्यात ओला काळा चिखल जवळच्या अवरक्त प्रकाशाचा बराचसा भाग पिऊन टाकतो. खालून येणारा परतावा आधीच अशक्त, वरून येणारा जोरकस. मशीन जोरकसाचं ऐकतं.

पुढं सॉफ्टवेअर या ठिपक्यांतून जमीन निवडतं. एका प्रचलित पद्धतीत सगळा ठिपक्यांचा ढग उलटा करून त्यावर एक काल्पनिक कापड टाकतात. ते कापड जिथं टेकेल ती जमीन. कल्पना सुरेख आहे आणि माळरानावर, डोंगरउतारावर छान चालते. पण पाणकणिसात सगळ्यांत खालचे ठिपकेच जर वाळक्या पाचोळ्यावरचे असतील तर कापड त्या पाचोळ्यावरच टेकणार. नकाशा गुळगुळीत येतो, कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, सुंदर वळणं घेतात, आणि त्यातलं काहीच जमिनीवरचं नसतं. मला याच गुळगुळीतपणाची भीती वाटते, कारण खडबडीत, भोकं पडलेल्या नकाशावर माणूस शंका तरी घेतो.

ही चूक माझ्या हातून झालेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तळ्याच्या मागच्या अंगाची पाणथळ मी लेझरच्या ठिपक्यांवरून काढली होती. त्या नकाशावरून पाणी खेळतं राहावं म्हणून चर खोदला. पहिल्या पावसानंतर बघायला गेलो तर चराच्या तोंडाशी कोरडं आणि आत पाणकणिसात पाणी तुंबलेलं. स्टाफ घेऊन आत उतरलो. नकाशात दाखवलेल्या जमिनीपेक्षा खरी जमीन दीड फूट खाली होती. चराचा तळ तिच्या वर पडला होता, मग पाणी निघणार कसं? लोकांनी राबून खोदलेला चर पुन्हा खोल करावा लागला. त्या दिवसापासून वनस्पतीखालची उंची मी पायानं तपासल्याशिवाय कुणाला देत नाही.

दीड फूट कशाला, अर्धा फूटही इथं जड जातो. नदीकाठच्या मळीत हजार मीटरला एक मीटर इतका अल्प उतार असेल, तर १५ सेंटिमीटरच्या चुकीनं पाण्याची कड १५० मीटर इकडची तिकडं सरकते. तेवढ्या पट्ट्यात कुणाचा तरी ऊस असतो, कुणाचं घर असतं. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. दोन्हींमध्ये फक्त ४ फूट, म्हणजे १.२२ मीटर. २०१९ आणि २०२१ ला पाणी धोका पातळीच्याही कितीतरी वर गेलं आणि प्रयाग चिखली, आंबेवाडी या गावांनी काय सोसलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ज्या काठावर फुटाफुटाचा हिशेब ठेवतात, तिथं नकाशात फुटाची चूक चालवून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

उघड्या पाण्यावर लेझरचं वागणं आणखी वेगळं. नेहमीच्या स्कॅनरचा अवरक्त किरण पाण्यात शिरत नाही. बराचसा शोषला जातो, उरलेला आरशासारखा भलतीकडं फेकला जातो. ड्रोनच्या बरोबर खालचं थोडं पाणी परतावा देतं, बाकी जागी भोक पडतं. ते भोक फेकून देऊ नका. स्वच्छ भोक म्हणजे उघडं पाणी, त्याची कड फार छान मिळते. मात्र पंचगंगेकाठी जलपर्णी असते. ती अगदी सपाट, एकसारखा परतावा देते आणि सॉफ्टवेअर तिला मोठ्या विश्वासानं जमीन म्हणतं. मी डोहाच्या मधोमध एकराएवढं बेट आलेला नकाशा पाहिलाय. पुढच्या आठवड्यात वाऱ्यानं ते बेट पलीकडच्या काठाला लागलं होतं.

पाण्यातून आरपार जाणारा हिरवा लेझर असतो, ५३२ नॅनोमीटरचा. पण तो किती खोल जाईल हे पाणी किती नितळ यावर ठरतं. पांढरी तबकडी दोरीनं पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. हिरव्या लेझरची मजल साधारण त्या खोलीच्या दीडपट ते तिप्पट. आपल्या गढूळ, शेवाळलेल्या डोहात तबकडी हातभर खाली गेली की दिसत नाही. त्यासाठी हिरवा लेझर आणणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

आता फोटो. एकमेकांवर ७०-८० टक्के चढणारे फोटो काढून त्यांतून उंची काढतात, हे तुमच्या मुलाला माहीत असेलच. फोटोतून निघणारी उंची डोळ्याला दिसणाऱ्या वरच्या पृष्ठभागाची असते. पाणकणीस असेल तर पाणकणिसाच्या शेंड्याची, आणि वाऱ्यानं ते डोलत असेल तर तीही धड नाही, कारण एका फोटोतलं पान दुसऱ्या फोटोत त्याच जागी सापडत नाही. पाण्यावर तर जुळवायला खुणाच नसतात. उंचीच्या बाबतीत फोटो लेझरच्या मागे आहेत. पण ओळखण्याच्या बाबतीत ते कितीतरी पुढं आहेत. १०० मीटरवरून उडवलं, कॅमेऱ्याचं फोकल अंतर ८.८ मिलिमीटर आणि सेन्सरचा एक ठिपका २.४ मायक्रॉन असला, तर जमिनीवर एक ठिपका २.७ सेंटिमीटरचा पडतो. एवढ्यात जलपर्णी, पाणकणीस, लव्हाळा, बेशरम हे सगळं वेगळं ओळखता येतं. म्हशींच्या वाटा दिसतात, वीटभट्टीसाठी माती उचललेले खड्डे दिसतात, कुणी रातोरात टाकलेला भराव दिसतो. लेझरच्या करड्या ठिपक्यांत यातलं फारसं काही कळत नाही. म्हणून लेझर आणला तरी त्याच दिवशी फोटोही घ्यायचे, कारण कुठली उंची खरी मानायची हे फोटो बघूनच ठरतं.

उडवायची वेळ हा माझ्या मते उपकरणापेक्षा मोठा प्रश्न आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्षी असतात, तेव्हा पाणथळीवर खालून ड्रोन फिरवू नये. हळदीकुंकू बदकांचा थवा एकदा उठला की तासभर खाली बसत नाही. ही जागा ज्यांच्यासाठी राखायची त्यांनाच हाकलून तिचा नकाशा करण्यात अर्थ नाही. भोवतीचा ऊस तुटल्याशिवाय कडेची जमीन कुणालाच दिसत नाही, आणि गळीत हंगाम संपायला मार्च येतो. एप्रिलमध्ये पाणकणीस वाळतं, पाणी खाली जातं. म्हणून एप्रिलचा उत्तरार्ध आणि मेची सुरुवात, सकाळी आठ ते दहा. त्याआधी सूर्य फार खाली असतो, सावल्या लांब पडतात. नंतर सूर्य वर आला की पाण्यावरची चकाकी थेट कॅमेऱ्यात येते आणि वाराही सुटतो. दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही. आणि कुणी म्हणालं की पाणकणीस पेटवून देऊ म्हणजे मोकळं दिसेल, तर कृपया थांबवा. त्या बुडाशी पाणकोंबड्या राहतात.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही: कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला बसवायच्या फळ्या. पावसाळा सरला की बरगे घालतात, पुढच्या पावसाआधी काढतात. तुमची पाणथळ बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला, फुगवट्याच्या पट्ट्यात असेल, तर बरगे घातलेले असताना आणि काढल्यावर पाण्याच्या पातळीत मोठा फरक पडतो. उड्डाणाच्या दिवशी बरग्यांची काय स्थिती होती हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलंच असलं पाहिजे.

उंचीचा आधारबिंदू काळ्या जमिनीत पुरू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसात फुगते. तिच्यात पुरलेला खांबही वरखाली होतो. मारुतीच्या देवळाचं जुनं दगडी जोतं, घाटाची पायरी, पुलाचा कठडा असं पक्कं बांधकाम शोधा, त्यावर खूण करा आणि सगळी मापं तिथून घ्या.

जीपीएससारख्या उपग्रहांवरून मिळणारी उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यात नवी मुलं हमखास घसरतात. पहिली एका गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. आपल्या भागात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा ६० मीटरहून जास्त कमी दिसते. एवढा फरक लगेच ध्यानात येतो. पण तो काढून टाकताना वेगवेगळी जिऑइड मॉडेल (समुद्रसपाटीचे गणिती नमुने) वापरली तर काही सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त चूक गुपचूप शिरते. बंधाऱ्यावरच्या फूटपट्टीशी तुमचा नकाशा जुळवायचा असेल तर त्या पट्टीच्या एखाद्या खुणेची उंची स्वतः तुमच्याच आधारबिंदूवरून लेव्हलनं आणा. मग जिऑइडचा वादच उरत नाही.

आता पायांचं काम. लेझर वापरा वा फोटो, पाणथळीत उतरून उंच्या घ्याव्याच लागतात. अमेरिकी फोटोग्रामेट्री संस्थेच्या २०२३ च्या मानकांत निदान ३० तपासबिंदू, म्हणजे नकाशा पडताळायला जागेवर मोजलेले बिंदू, सांगितलेत, आणि मोकळ्या जमिनीची अचूकता वेगळी, वनस्पतीखालची वेगळी सांगायची असा दंडक आहे. हा दुसरा भाग मला फार मोलाचा वाटतो. तुमच्याकडं कुणी एकच आकडा घेऊन आलं, “अचूकता ५ सेंटिमीटर”, तर विचारा: ती डांबरी रस्त्यावर की पाणकणिसात?

चिखलात उंची मोजायच्या पोलचं टोक रुतत जातं. एक ढकलतो, दुसरा हळूच टेकवतो, दोघांच्या मापात वीतभर फरक. म्हणून मी पोलच्या बुडाला पंधरा सेंटिमीटर व्यासाची लोखंडी चकती बसवून घेतलीय. पोल नुसता सोडायचा, दाबायचा नाही. चकती टेकली ती आपली जमीन. मग चकती काढून पोल जोर लावून टणक लागेपर्यंत खाली घालायचा आणि तेही माप लिहायचं. दोन्हींमधला फरक म्हणजे गाळाची जाडी. गाळ काढायचा की नाही हा प्रश्न गावात पुढं कधीतरी येणारच, तेव्हा हे दुसरं माप कामी येतं. एकदा अशीच मापं घेताना म्हसरं राखणारे एक आजोबा काठावरून ओरडले, “तिकडं नगासा जाऊ, तिथं म्हशीबी बसत न्हाईत!” पोल घालून बघितला, तर सव्वा मीटरपर्यंत टणक लागलं नाही. म्हैस बसते तिथं तळ टणक असतो. हे ज्ञान फुकट मिळतं, विचारून घ्या. एकट्यानं मात्र आत जाऊ नका, कमरेला दोर आणि काठावर माणूस हवाच.

मधल्या डोहाची खोली आवाजाच्या लहरींनी मोजणारं यंत्र पाणवनस्पतींत फसतं, वेलींनाच तळ समजतं. इतक्या लहान डोहाला फुटांच्या खुणा केलेली बांबूची काठी पुरे. होडी नसेल तर आपल्याकडं गुऱ्हाळाची काहील असते. पुरात माणसं काढायला तिचा उपयोग करतात, संथ पाण्यात दोघं जण दोर बांधून सावकाश मापं घेऊ शकतात. लाइफ जॅकेट घालून, हे सांगायला नकोच.

आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. संथ पाण्याची कड ही निसर्गानं काढलेली समतल रेषा असते. तिच्यावरचा प्रत्येक बिंदू एकाच उंचीवर. तुमची पाणथळ पावसाळ्यानंतर भरलेली असते आणि मेपर्यंत उतरत जाते, म्हणजे ती दर महिन्याला स्वतःची एक नवी कंटूर रेषा काढून दाखवते. काठावर पक्क्या जागी सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी रोवा, तिचा शून्य देवळाच्या जोत्यावरच्या खुणेशी लेव्हलनं जोडा. ऑक्टोबरपासून पाणी दर १५-२० सेंटिमीटर उतरलं की वारा नसलेल्या सकाळी फोटो काढा आणि त्या क्षणीची पट्टीवरची पातळी लिहा. पक्षी असतात त्या महिन्यांत ड्रोन १०० मीटरखाली आणायचा नाही आणि काठावरूनच उडवायचा. थवा अस्वस्थ दिसला तर त्या दिवशी घरी जायचं, नुसती कड चालून यायची. पाणकणिसात कड फोटोत दिसत नाही, तिथं जागा नोंदवणारं जीपीएस उपकरण हातात घेऊन पाय ओला होतो त्या रेषेनं चालायचं. मेपर्यंत तुमच्याकडं सहा-सात समतल रेषा जमतील, आणि त्या खऱ्या जमिनीवरच्या असतील, पाचोळ्यावरच्या नाहीत.

याला मर्यादा आहे. नदीचं पाणी आतबाहेर वाहत असेल तेव्हा पृष्ठभाग सपाट नसतो, मग ही पद्धत चालत नाही. आत बांध असतील आणि पाणी वेगवेगळ्या कप्प्यांत अडत असेल, तर प्रत्येक कप्प्याला वेगळी पट्टी लागेल. आणि पाण्याच्या वरच्या भागाची, म्हणजे पुराचं पाणी ज्या वाटेनं आत येतं तिथली उंची यातून मिळत नाही. तिथं एप्रिल-मेमध्ये ऊस तुटलेल्या मोकळ्या जमिनीवर फोटोंतून उंची चांगली निघते. पडीक झुडपं, बाभळी जास्त असतील तेवढ्या भागापुरता एक दिवस लेझर घ्या. तिथं तो आपलं काम चोख करतो.

लेझर घेतलाच, तर प्रत्येक वनस्पतीच्या पट्ट्यात पंधरा-वीस ठिकाणी चकतीचं माप घ्या आणि ते लेझरच्या उंचीतून वजा करून फरक बघा. समजा पाणकणिसात फरक सरासरी ३० सेंटिमीटर आणि लव्हाळ्यात १२ आला, तर फोटोवरून त्या पट्ट्यांच्या कडा आखून तेवढी उंची खाली आणा. सगळ्या पाणथळीला एकच आकडा लावू नका. आणि ठिपक्यांचा मूळ ढग कंत्राटदाराकडून मागून घ्या, नुसता कंटूरचा कागद नको. पुढं कुणी जास्त चांगलं गाळून काढील.

परवानगीचं थोडक्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत (चालू विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच) वेगळी परवानगी लागत नाही, पण कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाभोवती परवानगी लागणारी लाल आणि पिवळी क्षेत्रं आहेत. उडवण्याआधी डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर आपली जागा बघा. ड्रोनची नोंदणी आणि मुलाचं रिमोट पायलट प्रमाणपत्रही बघा. हा नकाशा हद्दीचा पुरावा होत नाही. गट नंबरच्या हद्दी भूमी अभिलेखच्या मोजणीनंच ठरतात, त्यामुळं शेजारच्या शेतकऱ्यांना आधी बोलावून हे स्पष्ट सांगा. नाहीतर पहिल्याच फोटोवरून बांधाची भांडणं सुरू होतात.

देशाच्या पाणथळ नकाशात १ : ५०,००० प्रमाणावर २.२५ हेक्टरपेक्षा लहान जागा नुसत्या टिंबानं दाखवल्यात. तुमची ३० एकर म्हणजे १२ हेक्टर, तिची आकृती तिथं निघू शकते, पण उंचसखल काही कळणार नाही. ते काम गावालाच करायचंय. पट्टीसाठी लोखंडी नळी आणि जोत्यावरची खूण एवढं सप्टेंबरअखेर तयार ठेवा, आणि रोज सकाळी पातळी वहीत लिहिणारं एक माणूस आत्ताच ठरवा.